नऊच्या नऊ

बाळासोनं टेम्पो बंदसुद्धा केला नाही. इंजिन धडधडत ठेवून तो दारापर्यंत आला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी आणून ठेवलेला मॉनिटर त्यानं पायाच्या अंगठ्यानं जरासा ढोसला आणि म्हणाला, "ही डबडी न्हाय घेत आमी."

"फुकट देतोय मी."

"व्हय की. फुकटच न्हाय घेत."

"बाळासो, तूच म्हणाला होतास पाडव्याला, काय जुनं असेल ते काढून ठेवा म्हणून."

"फ्रीज म्हनलो हुतो. फ्रीज, मिशिन, कूलर, काय बी द्या. ह्येच्यात काय हाय सांगा? काच. आन त्या काचंत कसलं इख हाय म्हनं. मागं एक घेटलं, धा म्हैनं गोडाऊनात पडलंय, मांजर व्यालं त्येच्यावर." मग जरा दया आल्यासारखा माझ्याकडं बघत म्हणाला, "मिस्त्री, ऱ्हाऊ द्या वरच. खायाला मागतंय व्हय?"

तो गेला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा भोंगा ऐकू येत राहिला, जुनं-पुराणं, भंगार-रद्दी. मी मॉनिटरसमोर उभा. 'घेऊन जा' एवढे दोन शब्द तोंडातून काढायला मला आठ महिने लागले होते. श्यामला, माझी बायको, फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून रोज सकाळी ठरवायचं आणि संध्याकाळी मोडायचं असं चाललं होतं. वरचे नऊ मॉनिटर द्यावेत, की ठेवावेत, की सरळ टाकून द्यावेत. शेवटी ठरवलं, नमुना म्हणून एक खाली आणला, सतरा पायऱ्या उतरताना दोनदा थांबलो, तर समोरचा म्हणतो नको. समोरचा नको म्हणेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आपल्या मनाची एवढी ओढाताण झाली म्हणजे वस्तूला काही किंमत असणारच असं माणूस धरून चालतो. ती नसते. चौदा किलोचा काचेचा डबा, मांजरानं वर व्यावं एवढ्याच लायकीचा. आणि आता तो परत वर न्यायचा तर गुडघे नको म्हणत होते. म्हणून तिथंच पहिल्या पायरीवर राहू दिला. पुढं कितीतरी दिवस मी खाली जाताना आणि वर येताना एक पाय त्याच्यावरून टाकत होतो आणि दर वेळी तोंडातून शिवी जात होती.

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंना आपोआप वाटा फुटतात. श्यामलाच्या साड्या तिच्या बहिणींनी तेराव्यानंतर तीन दिवसांत वाटून घेतल्या. उरलेली औषधं दुकानदारानं परत घेतली. चष्मे शिबिराला गेले. खालचा टायपिंगचा क्लास पूर्णिमानं चालवायला घेतला. ती श्यामलाची जुनी विद्यार्थिनी, नंतर तिच्याच हाताखाली शिकवायला लागलेली, रोज गडमुडशिंगीहून स्कूटीवर येते. सगळं कुठं ना कुठं लागलं. हे नऊ मॉनिटर तेवढे वरच्या मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेले, तीन-तीनच्या ओळीत. आणि ती खोली आता मुलीला हवी होती.

"बाबा, अजून तिथंच आहेत?" अंतरानं पुण्याहून फोनवर विचारलं. ती एक तारखेला येणार होती, लेकीला, अवंतिकाला, घेऊन, कायमची. कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली होती आणि बाबा एकटे आहेत हे त्याचं निमित्त होतं. खरं कारण तिच्या नवऱ्याचं आणि तिचं बिनसलंय हे होतं, पण ते आम्ही दोघं बोलत नाही.

"भंगारवाला घेत नाही म्हणाला."

"मग शाळेला द्या ना कुठल्यातरी."

"बघतो."

"बघतो नको बाबा. अवंतिकाचं टेबल, माझं टेबल, सगळं त्याच खोलीत बसवायचंय. आईनं तरी का ठेवले होते कोण जाणे."

का ठेवले होते ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. पण ते मी अंतराला कधी सांगितलेलं नव्हतं.

शाळेला देऊन बघितलं. गडमुडशिंगीत मोहित सर म्हणून आहेत, पूर्णिमाच्या ओळखीचे. त्यांना फोन केला. ते फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, काका, भावना पोचल्या, पण आमच्याकडं सपाट आलेत सगळे. पोरं हसतील हो. मी म्हणालो, पोरं कशालाही हसतात. ते म्हणाले, ते खरंच, पण ठेवू कुठं, आधीच शाळेच्या एका खोलीत तांदळाची पोती आहेत. मग आजऱ्याहून माझा मेहुणा कृष्णात याचा स्वतःहून फोन आला, अंतरानं त्याला सांगितलं असणार. त्याला मॉनिटर पाहिजे होते. मला क्षणभर बरं वाटलं. मग तो म्हणाला, "दाजी, आतलं समदं काढून टाका. नुसतं खोकं द्या. कोंबड्या बसत्यात बघा झकास त्येच्यात. आमच्या शेजाऱ्यानं जुन्या टीव्हीत बसिवल्यात, रोज अंडं."

"कृष्णात, अरे तुझ्या बहिणीच्या क्लासचे आहेत ते."

"म्हनूनच म्हनतोय की. घरातच ऱ्हातील. अक्काला बी आवडलं असतं."

अक्काला काय आवडलं असतं हे आठ महिने प्रत्येक जण मला सांगतोय. मेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी जिवंतपणी कुणाला माहीत नसतात, नंतर सगळ्यांना माहीत होतात. मी फोन ठेवून दिला. मग अंतरानं तिसरा मार्ग काढला. असल्या विजेच्या कचऱ्याची गाडी दिवाळीनंतरच्या रविवारी कोल्हापुरात येणार होती, तिनं मोबाइलवरून फॉर्म भरून टाकला. "झालं बाबा. अकरा ते एकच्या मध्ये येतील. तुम्ही नुसतं दार उघडा." पुण्यात बसून एका बोटानं तिनं ते करून टाकलं, जे मला आठ महिने जमलं नाही. मला तिचा रागच आला.

आता ते सांगतो, जे तिला सांगितलं नव्हतं. मी टर्नर. उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर काढली. शिक्षण दहावी नापास. वस्तू हातात घेतली की वजन कळतं, काटा लागत नाही, आणि आमच्या धंद्यात जड ते मोलाचं. पोलादाचा गोल बार आणि पत्र्याची डबी यात पहिलं काय उचलायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. श्यामला बी.ए. झालेली. आधी तिच्याकडं टाइपरायटर होते, मग दोन हजार सहा साली नऊ कॉम्प्युटर आले. मी संध्याकाळी कामावरून आलो की खालच्या हॉलमध्ये डोकावायचो. नऊ पडदे उजळलेले असायचे, नऊ पोरी त्याच्याकडं बघत बडवत असायच्या. कुणी खाली टेबलाच्या पायाशी बघत नव्हतं. तिथं पत्र्याचे डबे असायचे, आत पंखा फिरल्यासारखा आवाज यायचा. मी समजायचो स्टॅबिलायझर असावा. विचारलं कधी नाही. बायकोच्या धंद्यात नाक खुपसायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि त्याला मी माझा मोठेपणा समजत होतो.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये ती पुण्याला होती, अंतराच्या बाळंतपणाला. इथं चार दिवस पाऊस थांबला नव्हता. राजाराम बंधाऱ्याची पातळी काय झाली, एवढंच सगळं गाव एकमेकांना विचारत होतं. आमच्या शाहूपुरीत पाणी नदीकडून समोरून येत नाही, नाल्यातून मागून येतं, आणि गटारातून वर उसळायला लागलं की मग थांबत नाही. संध्याकाळी पाच वाजता ते पायरीला लागलं. श्यामलाचा फोन आला. म्हणाली, "अहो, कॉम्प्युटर तेवढे वर घ्या. बाकी काही जाऊ दे. कॉम्प्युटर घ्या." मग म्हणाली, "आणि एकटे उचलू नका, कुणाला तरी बोलवा." कुणाला बोलवणार? जो तो आपापली गादी-गहू वर नेत होता. मी एकट्यानं नेले. वायरी काढायला वेळ लागत होता, स्क्रू होते बारीक, ते मी नखानं फिरवले. पाणी घोट्याला होतं तेव्हा पहिला नेला, मांडीला आलं तेव्हा नववा. मॉनिटरचं सगळं वजन पुढच्या काचेत असतं, म्हणून काच छातीशी धरावी लागते, आणि मग पायाखालची पायरी दिसत नाही. पायानं मोजत चढायचं. सतरा. खाली यायचं, परत सतरा. नववा पलंगावर ठेवला आणि मी शेजारी आडवा पडलो. मला इतका आनंद झाला होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्यासाठी असं काही केलंय असं मला पहिल्यांदाच वाटलं. लाइट गेली, फोन मेला. खाली पाणी टेबलांवर चढल्याचा आवाज येत होता, खुर्च्या भिंतीला आपटत होत्या, आणि मी अंधारात त्या नऊ डब्यांवर माझं अंगावरचं कांबळं घातलं, ओल लागू नये म्हणून.

शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, त्यामुळं तिला यायला बारा दिवस लागले. ती आली, चिखलातून जिना चढली, मी दार उघडून बाजूला झालो. पलंगावर नऊ मॉनिटर. तिनं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिनं विचारलं, "आणि खालचे डबे?"

"कुठले?"

"टेबलाखालचे."

"ते स्टॅबिलायझर राहिले खाली. ते काय, मिळतील परत."

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मग उठून तिनं चहा टाकला. संध्याकाळी समोरच्या दत्तप्रसादनं, तो बँकेत आहे, मला गल्लीत सांगितलं की मिस्त्री, त्या डब्यातच सगळं असतं, वरचा नुसता आरसा. तेव्हा मला कळलं. तेरा वर्षं तिनं स्वतः रचलेले उतारे होते त्यात, पोरींना सरावाला टाइप करायला द्यायचे, चारशेच्या वर. ती ते पुस्तकातनं घेत नव्हती, स्वतः लिहायची, गुऱ्हाळावर, तालमीवर, ऊसतोडीवर, बँकेत खातं कसं उघडावं यावर. सगळं चिखलात गेलं. तिनं एका शब्दानं मला बोल लावला नाही. मी वाट बघत होतो. भांडली असती तर मी सांगितलं असतं, अगं मला काय माहीत, तू कधी सांगितलंस? ती भांडलीच नाही. तीन महिन्यांनी सपाट पडद्याचे नवे कॉम्प्युटर आले, ती पहाटे उठून आठवतील तसे उतारे परत लिहायला लागली, आणि हे नऊ डबे वरच राहिले. मी तीनदा विचारलं, टाकून देऊ या का. तीनही वेळा तिनं एकच उत्तर दिलं, "राहू देत." एवढंच. दर खंडेनवमीला मी माझी मापाची अवजारं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, पाटावर मांडायचो, आणि ती मधल्या खोलीत जाऊन एकेक मॉनिटर बटणाला जोडून बघायची, दिवा लागला की त्याला हळदीकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "मढ्याला काय कुंकू लावतेस?" ती म्हणाली, "जित्याला लावतेय. दिवा बघा की." मी बघितलं नाही. माझी खात्री होती की हे सगळं मला दाखवायला आहे. पाच वर्षं, पलंगावरून उठलं की समोर माझी चूक, नऊ नग, कुंकू लावून. ती गेली आणि हे भांडण तसंच राहिलं. देऊन टाकावेत तर तिचं बोलणं न ऐकताच तिला घालवल्यासारखं. ठेवावेत तर मरेपर्यंत रोज बघा. माझी अडचण खोलीची नव्हती, ही होती. तिनं मला माफ केलं होतं का नव्हतं, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते विचारायला माणूस नव्हतं.

तर तो एक मॉनिटर पहिल्या पायरीवर. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा. सकाळी सातच्या बॅचच्या पोरी क्लासच्या दाराशी चपला काढत होत्या, मी दूध घेऊन वर चढायला आलो. एक धिटुकली पोरगी, केसात अजून ओल असलेली, मॉनिटरकडं बघून म्हणाली, "काका, ह्योच का त्यो?"

"कुठला?"

"वाचिवल्याला."

दुसरीनं तिला चिमटा काढला. तिसरी तोंडावर ओढणी धरून आत पळाली. मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. जूनमध्ये आलेल्या पोरी या. श्यामलाला त्यांनी बघितलेलंसुद्धा नव्हतं. मी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि पूर्णिमाला बाहेर बोलावलं.

"या पोरींना काय माहीत आहे?"

"कशाचं काका?"

"या मॉनिटरचं."

पूर्णिमा आधी हसली, मग माझं तोंड बघून थांबली. "काका, तुम्हाला... मॅडमनी तुम्हाला दाखवला नव्हता?" ती आत गेली आणि एक कागद घेऊन आली, कोपरे मुडपलेला, मधोमध बोटांचे डाग. "पहिल्या दिवशी हाच देतो आम्ही. पुरानंतरच्या सगळ्या बॅचना. यात आकडे आहेत, अर्धविराम आहे, सराव चांगला होतो."

मी तिथंच उभा राहून वाचलं.

"उतारा क्रमांक १. वेळ ३ मिनिटे. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात शहरात महापूर आला. त्या वेळी आमच्या संस्थेत ९ संगणक होते. घरातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी प्रत्येकी १४ किलो वजनाचे ९ मॉनिटर १७ पायऱ्या चढून एकट्याने वर नेले. सीपीयू मात्र खालीच राहिले; कारण संगणक नेमका कशाला म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम शिक्षिकेचे होते. तिने १३ वर्षांत ते केले नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी यंत्राच्या प्रत्येक भागाचे नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. ते मॉनिटर आजही संस्थेत आहेत. नऊच्या नऊ चालू आहेत."

खाली बारीक अक्षरात, 'सुधारित, जून २०२४'.

ज्येष्ठ गृहस्थ! मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. पहिला राग मला त्याचाच आला. मग बाकीचे राग आले, एकामागून एक. दिवसाला पाच बॅच, बॅचला नऊ पोरी, वर्षाला दोन परीक्षा. गणित सोडून दिलं. शाहूपुरीपासून गडमुडशिंगीपर्यंत, हुपरीपासून पेठ वडगावपर्यंत, कचेऱ्यांतून आणि पतसंस्थांतून आज ज्या काही पोरी टायपिंग करत बसल्यात, त्या सगळ्यांच्या बोटांना मी पाठ आहे. भाजी घेताना एखादी "काका बरे आहात ना" म्हणून हसायची, मला वाटायचं संस्कार चांगले आहेत. आणि वर बसून मी रोज सकाळी चहा पीत काय ऐकत होतो? सात वाजता खालून फरशीतून तो आवाज यायचा, नऊ जणींचा, आधी अडखळत, मग हळूहळू एका लयीत येणारा, पत्र्यावर पाऊस लागल्यासारखा. मला तो आवडायचा. त्यावर मी घड्याळ लावायचो. त्यात माझीच गोष्ट चालली होती. मी बशीत चहा ओतत होतो आणि पायाखाली नऊ पोरी मला सतरा पायऱ्या चढवत होत्या, चुका झाल्या की परत पहिल्यापासून.

"मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हणालो. पूर्णिमाला म्हणालो, पण ते तिला नव्हतं.

"मॅडमना वाटायचं तुम्ही रागवाल."

"मग रागावलो असतो! रागावल्यावर मरतंय का कुणी?"

पोरींचे हात थांबले होते. पूर्णिमा हळूच म्हणाली, "मॅडम म्हणायच्या, ह्यांना बोलायला गेलं की हे विषय बदलतात. म्हणून लिहून ठेवलंय. कधीतरी खाली येऊन वाचतील."

मी खाली कधी बसलोच नाही. तो माझा मोठेपणा.

वर गेलो. दूध नासलं त्या दिवशी. मधल्या खोलीत बसून राहिलो आणि त्या आठ डब्यांशी मोठ्यानं भांडलो, शेजारच्या झुंबरबाईंनी गॅलरीतून "मिस्त्री, कोण आलंय?" विचारेपर्यंत. सांगण्याचं काम शिक्षिकेचं होतं म्हणे. हे वाक्य मला पाहिजे होतं, पाच वर्षं मी मनातल्या मनात तेच बोलत होतो की तू कधी सांगितलंस. आणि ते तिनं परस्पर घेऊन टाकलं, स्वतःच्या नावावर, छापून. भांडणातली माझी बाजूच तिनं उचलून नेली. आता मी काय बोलू? माझ्याकडं बोलायला काही ठेवलंच नव्हतं तिनं. असल्या माणसाबरोबर संसार करणं फार अवघड असतं, लोकांना वाटतं सोपं असेल.

दुपारी मला वाटलं, निदान एवढं तरी बघावं. चालू आहेत म्हणतेय तर आहेत का. तिच्या लिहिण्यात एखादी तरी चूक सापडावी अशी माझी इच्छा होती, लपवत नाही. टर्नर माणूस मोजल्याशिवाय सोडत नाही. वायर शोधली, ती करायची तसं एकेक जोडला. बटण दाबलं की आत कट् असा आवाज होतो, काचेवर हात धरला तर केस उभे राहतात, मग पडदा हळूहळू उजळतो आणि एक चौकोन फिरायला लागतो, जोडणी नाही म्हणून सांगणारा. एक लागला. दोन लागला. गेल्या साली लावलेलं कुंकू काचेच्या वरच्या पट्टीवर सुकून तपकिरी झालं होतं. यंदाच्या खंडेनवमीला मी माझी अवजारं मांडली होती, पण या खोलीत आलो नव्हतो. आठच्या आठ लागले. मला काय वाटत होतं कळेना, बरं की वाईट. मग नववा राहिला, खाली पायरीवरचा. वायर घेऊन खाली गेलो, क्लासच्या दारातल्या बटणाला जोडली. दुपारची बॅच सुटत होती, पोरी भोवती उभ्या राहिल्या, त्यात सकाळची ती धिटुकलीही होती, पूर्णिमाला मदत करायला थांबलेली. बटण दाबलं. कट् झालं नाही. परत दाबलं. वायर काढून घातली. काही नाही. तोंड फिरवून बघावं म्हणून मी मॉनिटर वळवला, तर पाठीवर पांढरी चिकटपट्टी, आणि त्यावर तिचं अक्षर, ती डब्या-बरण्यांवर लिहायची तसं. 'क्र. ६. लागत नाही. खंडेनवमी २०२२.'

बावीस. आणि उतारा सुधारला चोवीसच्या जूनमध्ये. तिला माहीत होतं. दोन वर्षं तिला माहीत होतं की हा मेलाय, तरी बाकीच्या आठांसारखं गेल्या सालचं कुंकू त्यालाही होतं, आणि ती खाली पोरींकडून 'नऊच्या नऊ' टाइप करून घेत होती. एका स्वल्पविरामासाठी मार्क कापणारी बाई. सुधारताना बाकी सगळं सुधारलं असेल तिनं, आठ हा आकडा काही तिनं घातला नाही.

"लागंना व्हय काका?" धिटुकलीनं विचारलं. "उताऱ्यात तर नऊच्या नऊ हाय."

मी पट्टीवर अंगठा ठेवला. "लागतोय," मी म्हणालो. "वायर सैल आहे. मागं वर लागला होता."

पूर्णिमानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं आणि पोरींना म्हणाली, "चला ग, घरी जा. काकांना काम करू दे." त्या गेल्यावर मी नखानं पट्टी सोडवली. नीट निघाली, तुकडा न पडता. सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिथंच पायरीवर मॉनिटरशेजारी बसलो, आणि मला रडू आलं असं कुणी म्हणेल तर ते खोटं, मला फक्त फार दमल्यासारखं झालं होतं, नववा वर ठेवल्यावर झालं होतं तसं.

रविवारी मी अकरापासून वाट बघत होतो, गाडी पावणेएकला आली. तोवर मी तीनदा दार उघडलं, तीनदा बंद केलं, अंतराला दोनदा फोन करून तिच्या फॉर्मचा उद्धार केला. गाडीबरोबर एक बाई होत्या, क्रांती नावाच्या, हातात फळी आणि कागद, आणि दोन गडी. मी म्हणालो, मी आणतो खाली. गडी म्हणाले, "पावणं, बसा की." मी ऐकलं नाही. एक आणला. दुसऱ्याला गुडघ्यानं जाहीर नकार दिला. मग भिंतीला टेकून उभा राहिलो आणि ते गडी दोन-दोन मॉनिटर खाकोटीला मारून भराभर उतरवत होते ते बघत बसलो. सहा मिनिटं लागली त्यांना. मला पुराच्या दिवशी सगळी संध्याकाळ गेली होती.

क्रांतीबाईंनी कागद बघितला. "काका, नऊ मॉनिटर. आणि सीपीयू कुठायत? टेबलाखालचे डबे?"

सहा वर्षांनी तोच प्रश्न, त्याच जिन्याशी. मी विषय बदलू शकलो असतो. जीभ तिकडंच वळली होती, पाणी घेता का म्हणून.

"ते पुरात गेले," मी म्हणालो. "मी वर नेलेच नाहीत. मला वाटलं हाच कॉम्प्युटर. जड होता म्हणून."

एक गडी खोकल्यासारखा हसला. क्रांतीबाईही हसल्या, तोंड न झाकता. "म्हणजे पाण्यातनं हे नऊ..."

"सतरा पायऱ्या," मी म्हणालो. "एकट्यानं. आणि तेव्हा मी काही ज्येष्ठबिष्ठ नव्हतो."

"बायको काय म्हणाली?"

"काही नाही. चहा टाकला."

त्या परत हसल्या आणि या वेळी मीही हसलो असेन, कारण गॅलरीतून झुंबरबाई वाकून बघत होत्या. गड्यानं गाडीचं फाळकं लावलं. क्रांतीबाईंनी कागद माझ्यापुढं धरला, सहीसाठी, आणि सही करताना मला दिसलं की अंतरानं भरलेल्या रकान्यात 'बंद, ९' असं होतं.

"हे चुकलंय," मी म्हणालो. "खोडा. चालू लिहा."

"काका, चालू असले तरी फोडायलाच जाणार ते. काही फरक पडत नाही."

"माहीत आहे. तरी लिहा."

त्यांनी पेन घेतलं, 'बंद' वर आडवी रेघ मारली. "बरं. चालू. किती चालू?"

माझा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. पट्टी तिथंच होती.

"नऊच्या नऊ," मी म्हणालो. "छापलेलं आहे आमच्याकडं."